रेगेतोनचा उद्धार कुणी केलेला नाही

रोसालियाच्या ‘साओको’ची स्तुती करताना एक वाक्य हमखास येतं, आणि मला ते खपत नाही. शब्द बदलतात, आशय तोच राहतो: रेगेतोन हा ठोकळेबाज, एकसुरी, पार्टीत वाजवायचा प्रकार होता, संगीताचं रीतसर शिक्षण घेतलेल्या एका स्पॅनिश गायिकेनं त्यात प्रयोग केला आणि त्याला कलेच्या पंगतीला नेऊन बसवलं. हे म्हणणारी माणसं गाण्याच्या प्रेमात असतात. कौतुकच चाललंय ना, मग कशाला वाद घाला, असं म्हणून बाकीचे सोडून देतात. पण या कौतुकात एका अख्ख्या संगीतपरंपरेचा अपमान आहे, आणि ज्या गाण्याचं कौतुक करायचं ते गाणंही त्यात नीट ऐकलेलं नाही.

आधी गाण्याकडेच जाऊ. ‘साओको’ ४ फेब्रुवारी २०२२ रोजी आलं. पुढे १८ मार्चला ‘मोतोमामी’ हा अल्बम निघाला, त्यातलं हे पहिलंच गाणं. लांबी जेमतेम सव्वादोन मिनिटं. प्रस्तावना नाही, हळूहळू चढत जाणं नाही. ढोल आणि बास इतके फाटलेले, खरखरीत येतात की पहिल्यांदा ऐकताना स्पीकर बिघडला की काय असं वाटावं. त्यावर एक हाक, पुन्हा पुन्हा. ही हाक विसिन आणि डॅडी यँकी यांच्या २००४ सालच्या गाण्यातली. त्या गाण्याचं नावही उच्चाराला हेच. रोसालियानं फक्त एक अक्षर बदललं. मग कडवं येतं, त्यात ती आपण कशाकशात बदलतो याची यादी धडाधड सांगत सुटते. ऐन भरात असताना तो फाटका ठोका बाजूला होतो आणि जॅझच्या वळणाचा पियानो घुसतो, काही क्षण सगळं मोकळं, बेभरवशाचं होतं. पुन्हा ठोका परततो. आणि गाणं संपतं असं म्हणण्यापेक्षा बंद पडतं असं म्हणणं बरोबर.

त्या पियानोच्या तुकड्यावरच सगळ्या स्तुतीचा डोलारा उभा आहे. रेगेतोनमध्ये जॅझ! म्हणजे शिक्षण बोललं. रोसालियानं कातालोनियाच्या उच्च संगीत विद्यालयात फ्लामेंको गायनाची पदवी घेतली आहे, आणि २०१८ चा ‘एल माल केरेर’ हा अल्बम तिथल्या पदवीच्या कामातूनच आला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तेव्हा हिशेब सोपा होतो: जे चतुर ते विद्यालयातलं, जे धांगडधिंगा ते सान हुआनच्या वस्तीतलं.

हिशेब साफ चुकलेला आहे. ऐन भरातलं गाणं तोडून भलतंच काही मध्ये आणणं ही रेगेतोनची सर्वांत जुनी खोड आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पोर्तो रिकोत या संगीताला रेगेतोन हे नाव चिकटलेलंही नव्हतं. लोक नुसतं ‘अंडरग्राउंड’ म्हणायचे. सान हुआनच्या व्हिया केनेडी या सरकारी चाळींच्या वसाहतीतला डीजे प्लायेरो कॅसेटी काढायचा. त्या हातोहात जायच्या, एकीवरून दुसरी भरली जायची. एका कॅसेटच्या एका बाजूवर सलग अर्धा-पाऊण तास संगीत, आणि त्यात जमैकन डान्सहॉलचा ठोका, न्यूयॉर्कच्या हिपहॉपमधला कापलेला तुकडा, पुन्हा डान्सहॉल, मध्येच कुणाच्या तरी गाण्याची अर्धी ओळ, त्यावर सतरा-अठरा वर्षांच्या पोरांचं धावतं रॅप. डॅडी यँकी याच कॅसेटींमधून पुढे आला. गाणं म्हणजे पूर्ण, सलग, एकजीव वस्तू, ही कल्पनाच तिथे नव्हती. ठोका बदलतो तेव्हा नाचणाऱ्याचं अंग चमकून जागं होतं, हे त्या पोरांना कुठल्याही विद्यालयात न जाता कळलेलं होतं. ‘साओको’तला पियानो नेमकं तेच काम करतो. तुकडा जॅझचा आहे. तो लावण्याची रीत प्लायेरोच्या कॅसेटींची आहे.

ही रीत मेलेलीही नव्हती, की रोसालियानं येऊन तिला जिवंत करावं. ‘साओको’च्या दोन वर्षं आधी, २०२० मध्ये, पोर्तो रिकोच्याच बॅड बनीनं ‘साफाएरा’ काढलं. जवळजवळ पाच मिनिटांत ते गाणं इतक्या वेळा ठोका बदलतं की पहिल्या ऐकण्यात मोजदाद राहत नाही. ते उघडउघड त्या जुन्या कॅसेटींना केलेलं वंदन आहे. आणि फाटक्या, धातूसारख्या आवाजाचं म्हणाल, तर व्हेनेझुएलात जन्मलेल्या आर्कानं २०२१ च्या अखेरीस ‘किक टू’मध्ये रेगेतोनच्या ठोक्याची हाडं मोकळी करून दाखवली होती. त्याआधी २०२० मध्ये आर्काच्या ‘केएलके’ या गाण्यात रोसालिया स्वतः गायली आहे. म्हणजे तिनं ही वाट पाहिली होती, त्या वाटेवरच्या माणसांबरोबर कामही केलं होतं. तिच्या गाण्याची किंमत यानं तसूभरही कमी होत नाही. उलट ती कुठे बसून शिकली, हे यावरून कळतं.

आता ‘एकसुरी’ या आरोपाचं. रेगेतोनचा पाया असलेला ‘देम बो’ ठोका आपल्या भाषेत सांगायचा तर आठ मात्रांचा तुकडा आहे, तीन-तीन-दोन असा तोललेला. पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर जड ढोल, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर करकरीत स्नेअर. ढोल सरळ चालतो, स्नेअर त्याला दर वेळी तिरकं खेचते. कमरेला जी ओढ लागते ती या दोघांच्या भांडणातून. हा ठोका बदलत नाही हे खरं. पण ठेका कायम असणं म्हणजे विचार नसणं, असं निदान तबल्याच्या संगतीवर कान घडलेल्या श्रोत्यानं तरी म्हणू नये. ठेका धरून ठेवलेला असतो म्हणूनच वरच्याला हवं तिथे जाता येतं. ‘साओको’त ढोल कितीही फाटला तरी ती चौथी आणि सातवी मात्रा जागा सोडत नाही. ज्याला लोक रेगेतोनचं बंधन समजतात, त्याच्याच भरवशावर रोसालियानं सगळा धोका पत्करला आहे.

आणि हा ठोका तरी आयता कुठून पडला होता? जमैकात स्टीली आणि क्लीव्ही या जोडीनं १९८९ मध्ये एक रिदम तयार केला. त्याच्या चालीवर शाबा रँक्सनं ‘देम बो’ गायलं. पनामात, कालवा खणायला आलेल्या कॅरिबियन मजुरांच्या नातवंडांनी डान्सहॉल स्पॅनिशमध्ये गायला आधीच सुरुवात केली होती. एल हेनेराल आणि नांदो बूम ही त्यातली मोठी नावं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर डेनिस थॉम्पसननं नांदो बूमसाठी त्या रिदमची नवी बांधणी केली, आणि पोर्तो रिकोतल्या डीजेंनी कापून कापून वापरली ती ही बांधणी. जमैका, पनामा, न्यूयॉर्क, सान हुआन. चार ठिकाणी चार प्रकारच्या लोकांनी तो मोडला, जोडला, पुन्हा मोडला. याला प्रयोग म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? ते काळे होते, गरीब होते, स्वस्त यंत्रांवर काम करत होते, एवढ्यावरून तो शब्द त्यांच्या वाट्याला येत नाही.

शिक्षण बाहेरून आलं हेही खोटं आहे. तेगो काल्देरोन हा सान हुआनच्या ‘एस्कुएला लिब्रे दे मुसिका’ या सरकारी संगीतशाळेत तालवाद्यं शिकलेला माणूस. २००२ च्या ‘एल आबायार्दे’मध्ये त्यानं रेगेतोनशेजारी बोंबा आणला, पोर्तो रिकोतल्या गुलामांच्या वंशजांनी जपलेला ढोलांचा प्रकार, आणि काळेपणाबद्दल तिथल्या समाजाला ऐकवायचं ते ऐकवलं. डॅडी यँकीच्या ‘गासोलिना’ची निर्मिती करणारे लुनी ट्यून्स हे दोन डोमिनिकन तरुण हार्वर्ड विद्यापीठात होते, पण तिथल्या भोजनगृहात कामाला. तेगोची कथा वेगळी, लुनी ट्यून्सची वेगळी, डोकं मात्र तितकंच तल्लख.

या संगीतावर नाकं मुरडली गेली एवढंच असतं तर मी इतका चिडलो नसतो. त्याच्यावर पोलीस घातले गेले. १९९३ मध्ये गव्हर्नर पेद्रो रोसेल्यो यांनी ‘मानो दुरा’, म्हणजे सक्त कारवाईचं धोरण आणलं आणि गरिबांच्या सरकारी वसाहतींत नॅशनल गार्ड उतरवलं. १९९५ मध्ये सान हुआनच्या कॅसेट-दुकानांवर छापे पडले, माल जप्त झाला, कारण गाणी अश्लील. २००२ मध्ये सिनेटर वेल्दा गोन्सालेस यांनी पेरेओ या नाचाविरुद्ध आणि त्याच्या व्हिडिओंविरुद्ध मोहीम उघडली. पेरेओ म्हणजे दोघांनी जवळ येऊन, कमरेच्या लयीवर केलेला नाच. त्यानं मुली बिघडतात, असं सांगितलं गेलं. मुलींना कुणी विचारलं नव्हतं.

पुढे २०१९ च्या जुलैत काय झालं, तेही सांगतो. त्याच पेद्रो रोसेल्यो यांचे चिरंजीव रिकार्दो गव्हर्नर होते. त्यांच्या खासगी गटातले संदेश फुटले. त्यात बायकांची, समलिंगींची, मारिया वादळात मेलेल्यांची टिंगल होती. लाखो लोक रस्त्यावर आले. जुन्या सान हुआनच्या कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर तरुण मुलामुलींनी पेरेओ केला, निषेध म्हणून. गव्हर्नरना खुर्ची सोडावी लागली. बापाच्या राजवटीत जी गाणी जप्त होत होती, त्यांचाच नाच मुलाच्या राजवटीचा शेवट बघायला हजर होता. असल्या इतिहासाच्या संगीताला कलेचा दर्जा मिळण्यासाठी पियानोच्या काही सुरांची वाट पाहावी लागली, असं जेव्हा कुणी लिहितं, तेव्हा ते नकळत त्या छाप्यांचीच बाजू घेतं. पोलीस म्हणत होते हे संगीत नव्हे. कौतुक करणारे म्हणतात आतापर्यंत नव्हतं.

बक्षिसांचंही असंच झालं आहे. २०१९ मध्ये लॅटिन ग्रॅमीच्या मुख्य गटांत रेगेतोनला जागाच दिली नाही म्हणून डॅडी यँकी, जे बाल्विन आणि कितीतरी कलाकारांनी जाहीर निषेध केला. त्याच वर्षी सर्वोत्तम अल्बमचा मान रोसालियाच्या ‘एल माल केरेर’ला गेला. २०२२ मध्ये बॅड बनीचा ‘उन बेरानो सिन ती’ आणि ‘मोतोमामी’ समोरासमोर होते, पुन्हा रोसालिया. २०२५ मध्ये बॅड बनीला अखेर तो मान मिळाला, आणि तोही पोर्तो रिकोच्या पारंपरिक वाद्यांनी, प्लेना आणि साल्सानं भरलेल्या अल्बमला. ‘मोतोमामी’ बक्षिसाच्या लायकीचा नव्हता, असं मी म्हणणार नाही. तो असामान्य अल्बम आहे. पण परीक्षकांच्या कानाला रेगेतोन एकट्यानं कधी पुरेसा वाटत नाही, त्याच्यासोबत कुणीतरी सभ्य पाहुणा लागतो, हे दिसतंच आहे.

इथे दुसऱ्या बाजूचे लोक उठून म्हणतील: बरोबर, म्हणूनच आम्ही म्हणतो की ही म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा आहे. बार्सिलोनाजवळच्या गावातली गोरी मुलगी, १८९८ पर्यंत पोर्तो रिकोवर राज्य केलेल्या देशाची नागरिक, ‘लॅटिन’ म्हणून बक्षिसं घेते, मासिकांच्या मुखपृष्ठांवर येते. या तक्रारीत तथ्य आहे. ती लॅटिन अमेरिकन नाही, आणि तिला त्या रांगेत उभं करणाऱ्या संस्थांना जाब विचारलाच पाहिजे. गोऱ्या चेहऱ्याला दार लवकर उघडतं हे रेगेतोनमध्ये तिच्या आधीपासून चालत आलंय. एल हेनेरालचं नाव आज किती जणांना आठवतं?

पण तेवढ्यावरून ‘साओको’ चोरी ठरत नाही. गाण्याच्या श्रेयनामावलीत विसिन आणि डॅडी यँकी यांची नावं गीतकार म्हणून आहेत. घेतलं ते लपवून घेतलेलं नाही. गाण्याचं नावच उसनवारीची कबुली आहे. उसनवारीचा हिशेब मांडायचाच असेल तर तो पुरता मांडा. स्टीली आणि क्लीव्ही यांच्या बाजूनं २०२१ मध्ये अमेरिकेत खटला दाखल झाला. पुढे तो इतका वाढला की दीडशेहून अधिक कलाकार आणि सुमारे १,८०० गाणी त्यात आली. पोर्तो रिकोची, कोलंबियाची मोठमोठी नावं त्यात आहेत. म्हणजे जमैकाचं देणं सगळ्यांच्याच डोक्यावर आहे. त्या देण्याबद्दल गप्प राहून सगळं खापर एका स्पॅनिश बाईच्या माथी फोडणं हा न्याय नव्हे. आणि दुसरीकडे एक ठोका कुणा दोघांच्या मालकीचा ठरला, तर प्लायेरोच्या कॅसेटींसारखं काही पुन्हा जन्मेल का, हीही धास्ती मला वाटते. स्टीली आज हयात नाही. त्याच्या वारसांना पैसे मिळावेत आणि पोरांना ठोका मोकळा राहावा, या दोन्ही गोष्टी मला हव्या आहेत, आणि त्यांचा मेळ कोर्टात बसेल असं वाटत नाही.

गाण्यात रोसालियाचं स्वतःचं काय, हा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि त्याचं उत्तर पियानोत नाही. ते तिच्या गळ्यात आहे. फ्लामेंकोत कसलेला हा गळा एका स्वरावर पाच-सहा वळणं सहज घेतो. ‘साओको’त ती एकही घेत नाही. शब्द आखूड, चपटे, ठोक्याच्या नेमक्या पुढे फेकलेले. आवाजात मिरवणं नाही, दरारा आहे. एवढी तयारी असलेली गायिका आपली तयारी बाजूला ठेवून दुसऱ्या परंपरेची शिस्त पाळते आहे. उद्धार करायला आलेला माणूस असा गात नाही. तो आधी स्वतःची विद्या दाखवतो.

आणि ती काय गाते? आपण सतत रूप बदलतो, फुलपाखरू होतो, ड्रॅग क्वीनचा रंग चढवतो. आता शाबा रँक्सच्या ज्या गाण्यावरून या ठोक्याला नाव मिळालं, ते गाणं समलिंगी पुरुषांना शिव्या घालणारं आहे हे ज्याला माहीत आहे, त्याला इथे काय घडलं ते कळेल. त्याच चौथ्या-सातव्या मात्रेवर पाय ठेवून ड्रॅग क्वीनचा गौरव होतो. व्हिडिओ किव्हमध्ये चित्रित झालेला. त्यात बायकांची टोळी मोटरसायकली उधळत जाते. तो आल्यावर तीन आठवड्यांत त्या शहरावर रशियाचं आक्रमण झालं, त्यामुळे आता तो बघताना मन वेगळ्याच ठिकाणी जातं.

पण इथेही ‘पहिली’ हा शब्द कुणी वापरू नये. ‘गासोलिना’तला तो बाईचा आवाज ग्लोरीचा; गाण्याच्या नावापुढे तिचं नाव नव्हतं. आयव्ही क्वीन नव्वदच्या दशकात ‘द नॉइज’ या पुरुषांच्या जथ्यात घुसली, आणि २००३ मध्ये तिनं ‘किएरो बाइलार’ गायलं: मी तुझ्याबरोबर नाचते आहे, याचा अर्थ तुझ्याबरोबर निजणार असा होत नाही. वेल्दा गोन्सालेस यांच्या मोहिमेला याहून चोख उत्तर कुणी दिलेलं नाही, आणि ते पेरेओ करणाऱ्या बाईनंच दिलं. ‘साओको’च्याच वर्षी, जूनमध्ये, संगीतनिर्माता बिसारापबरोबर गाणारी पोर्तो रिकोची ट्रान्स रॅपर व्हिलानो आंतिल्यानो आली. बदल आतूनच होत होता. रोसालिया त्या प्रवाहात उतरली, जोरदार पोहली.

तिला स्वतःला हे पक्कं माहीत आहे. ‘मोतोमामी’त चौथं गाणं ‘बुलेरियास’. तिच्यावर दात धरून असलेल्या फ्लामेंकोच्या सोवळ्या मंडळींना ते उत्तर आहे, आणि त्यात ती ज्यांच्यासाठी देवाकडे आशीर्वाद मागते त्यांत फ्लामेंकोतल्या ज्येष्ठांच्या बरोबरीनं, त्याच दमात, तेगो काल्देरोन आहे. तिनं त्याला वर उचललेलं नाही. तो जिथे आधीपासून बसलेला आहे तिथे तिनं त्याला नमस्कार केला आहे. ‘एल आबायार्दे’ तेव्हा वीस वर्षांचा झाला होता, आणि ‘साओको’वर प्रयोगशीलतेची स्तुती लिहिणाऱ्या कितीतरी लेखांत त्याचं नावसुद्धा येत नाही.